पहारेकऱ्याची परीक्षा : विद्युत्संरक्षक रिलेचा इतिहास आणि जालन्याच्या भट्ट्या

जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असे आमच्या गावाविषयी पूर्वीपासून बोलले जाते. ज्यांनी ही म्हण रूढ केली त्यांच्या डोळ्यांपुढे मोंढ्यातील धान्याची पोती आणि कापसाच्या गाठी असाव्यात. आज या कुंडलिकाकाठच्या गावाचे सोने लोखंडाचे आहे. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळविणाऱ्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात आणि त्यांतून निघालेल्या सळया घरांच्या, पुलांच्या पोटात जाऊन बसतात. या भट्ट्यांना कोळसा लागत नाही, वीज लागते. एक टन भंगार वितळविण्यास साधारणपणे सहाशे युनिट वीज खर्ची पडते. महिना शंभर युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची ती सहा महिन्यांची बेगमी झाली. इतकी वीज ज्या तारांतून जाते तेथे ती वाट चुकली, म्हणजे एका तारेवरून दुसऱ्या तारेवर किंवा जमिनीत उतरली, तर तिला त्या क्षणी अडविणारा कोण, हा आजचा आमचा विषय आहे.

अडविणारे दोघे असतात. एक ब्रेकर आणि दुसरा रिले. ब्रेकर हा दरवाजा होय. तो बळकट असतो, पण त्याला स्वतःची अक्कल नसते. दरवाजा केव्हा लावावयाचा हे ठरविणारा पहारेकरी म्हणजे रिले. लोखंडी कपाटाच्या दारावर काचेआड बसविलेली ही टीचभर पेटी. चारशे अँपिअरचा प्रवाह तिच्यातून नेता येत नाही, म्हणून सी.टी. नावाचे उपकरण त्या प्रवाहाची एक अँपिअरची नक्कल करून तिला दाखविते. ती नक्कल पाहून रिले ठरवितो, आणि बॅटरीच्या विजेने ब्रेकरला सांगतो, 'लाव दार.' या एवढ्याशा संभाषणावर पॅनेलसमोर उभ्या असलेल्या माणसाचा जीव अवलंबून असतो. स्विचगियरमध्ये ठिणगी पेटली तर तिची उष्णता सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा अधिक असते, आणि ती जितका वेळ पेटती राहील तितकी माणसाला भाजते. रिलेने दशांश सेकंदाऐवजी एक सेकंद घेतला तर अंगावर येणारी आग दहापट झाली.

रिले हा शब्द मूळचा घोड्यांचा. डाक नेताना ठाण्यावर थकलेला घोडा सोडून ताजा जोडीत. त्या ताज्या घोड्यांच्या व्यवस्थेस युरोपात हा शब्द होता. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आले तेव्हा लांबवरून येणारा प्रवाह वाटेत क्षीण होई. त्या क्षीण प्रवाहाने एक लहानसा लोहचुंबक हलवावा आणि त्या चुंबकाने पुढच्या टप्प्यासाठी ताज्या बॅटरीचा प्रवाह सोडावा अशी युक्ती निघाली, आणि तिला घोड्यांचेच नाव मिळाले. दुबळ्याने हाक द्यावी आणि बलवानाने काम करावे, हे तत्त्व पुढे विजेच्या कारखान्यांनी उचलले.

त्याआधी रक्षणासाठी फ्यूज होता, आणि घरोघर अजूनही आहे. एडिसनच्या काळापासूनची ही वितळणारी तार फार इमानी आहे. पण तिच्यात एक उणीव आहे, ती आम्हांस महत्त्वाची वाटते. ती तपासता येत नाही. तपासावयाची म्हणजे जाळावयाची, आणि जळाली की जी तपासली ती उरलीच नाही. तिच्या जागी दुसरी, न तपासलेली येते. रिलेचे तसे नाही. त्याला खोटा प्रसंग दाखवून त्याची परीक्षा घेता येते, आणि परीक्षेनंतर तोच पहाऱ्यावर उभा राहतो. रिलेच्या इतिहासाची पुस्तके शोधांची यादी देतात. आमच्या मते ज्याची परीक्षा घेता येते असा पहारेकरी प्रथमच मिळाला, हीच त्या इतिहासातील मोठी घटना होय. परीक्षा घेता येते म्हटले की ती कोण घेतो, आणि तिचा निकाल कोणाला दाखवितो, हे प्रश्न आपोआप येतात.

१९०४ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस या दोघांनी एक पद्धत काढली. ती समजावयास आपल्या मोंढ्यात जावे. गोदामाच्या पुढच्या दारातून जितकी पोती आत गेली तितकीच मागच्या दारातून बाहेर पडली पाहिजेत. दोन्ही दारांवर मोजणी करणारे बसवा. आकडे जुळले तर ठीक, न जुळले तर चोर गोदामातच आहे. रोहित्राच्या किंवा केबलच्या दोन्ही टोकांना सी.टी. बसवून प्रवाहाची अशी मोजदाद करावयाची, आणि फरक पडताच दोन्ही दारे लावावयाची, एवढीच ही युक्ती. सव्वाशे वर्षे होत आली, मोठ्या रोहित्राचे मुख्य रक्षण अजून याच हिशोबाने होते. प्राइस पुढे दक्षिण आफ्रिकेत गेला. मर्झ १९४० साली लंडनवरील बॉम्बहल्ल्यात आपल्या दोन मुलांसह मारला गेला.

१९२१ साली जर्मनीतील माक्स बुखहोल्झ याने काढलेला रिले तर विजेकडे पाहतच नाही. तो तेलाकडे पाहतो. रोहित्राच्या टाकीत तेल असते. आत कोठे बारीक ठिणगी पडू लागली की तेलाचा, कागदाचा वायू होतो आणि बुडबुडे वर चढतात. टाकी आणि वरची तेलाची कुंडी यांना जोडणाऱ्या नळीत हा रिले बसतो. थोडा वायू साठला तर घंटा वाजवितो, तेलाचा एकदम लोंढा आला तर ब्रेकर पाडतो. त्या वायूचा रंग पाहून जुने कामगार निदान करीत. रंग नसेल तर साधी हवा, पांढरा असेल तर कागद जळतो आहे, पिवळट असेल तर लाकूड, काळसर असेल तर तेल. वैद्याने नाडी पाहावी तसे हे काम होते, आणि ते करणारी माणसे बहुधा इंग्रजी न शिकलेली होती.

आपल्या प्रांतात मोठ्या दाबाची वीज १९१५ साली आली. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून ती मुंबईच्या गिरण्यांत पोचली. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तेथली कथा वेगळी. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले, १९५६ साली आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, आणि त्याच वर्षी राज्य वीज मंडळ स्थापन झाले. परळी वैजनाथचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. जालना हा स्वतंत्र जिल्हा १९८१ च्या महाराष्ट्रदिनी झाला. जून २००५ मध्ये मंडळाची निर्मिती, पारेषण आणि वितरण अशी विभागणी झाली. ही सनावळी यासाठी की मुंबईचा कामगार विजेबरोबर शंभराहून अधिक वर्षे राहिला आहे. आमच्याकडे कित्येक घरांत वीज कामावर भेटलेली ही दुसरीच पिढी, आणि भट्टीवर उभे राहणारे पुष्कळसे तरुण बिहार-उत्तर प्रदेशातून ठेकेदारामार्फत आलेले.

मंडळाच्या त्या काळातील उपकेंद्रांत आणि कारखान्यांत जे रिले बसले त्यांपैकी अनेक मद्रासजवळच्या पल्लावरम येथील इंग्लिश इलेक्ट्रिकच्या कारखान्यातले होते. 'सी.डी.जी.' हे त्यांचे नाव जुन्या ऑपरेटरांच्या तोंडी घरच्या माणसासारखे असे. घरातील जुन्या वीजमीटरची फिरणारी चकती आपण सर्वांनी पाहिली आहे. या रिलेत तशीच ॲल्युमिनियमची चकती आहे. प्रवाह ठरलेल्या मर्यादेवर गेला की ती फिरू लागते, प्रवाह जितका जास्त तितकी वेगाने, आणि ठरावीक अंतर फिरून गेली की ट्रिपचा संपर्क जुळतो. मर्यादेच्या दुप्पट प्रवाहाला दहा सेकंद, दहापट प्रवाहाला तीन सेकंद, हे तिचे मूळ प्रमाण. हा वेळ खुंटीने कमी करता येतो. खुंटी दशांशावर ठेवली तर तीन सेकंदांचे सुमारे तीन दशांश होतात.

वेळ कमी-अधिक ठेवण्याचे कारण असे. वाडीत चोर शिरला तर वाडीच्या राखणदाराने आधी उठावे. तो झोपला असेल तर पोलीस पाटलाने, आणि तोही नसेल तर तालुक्याने. तिघे एकदम उठले तर एका वाडीच्या चोरीपायी सारा तालुका बंद होईल. म्हणून भट्टीजवळचा रिले सर्वांत चपळ ठेवतात, कारखान्याच्या मुख्य दाराचा त्याहून सुमारे चार दशांश सेकंदाने मंद, आणि उपकेंद्राचा त्याहून मंद. या उतरंडीत खालचा पहारेकरी मेलेला असेल तर वरचा येतो खरा, परंतु उशिरा येतो, आणि तो उशीर खाली उभा असलेला माणूस सोसतो.

आता परीक्षेकडे येऊ. नवे पॅनेल सुरू करण्यापूर्वी पहिल्यांदा तारा तपासतात. नकाशात दाखविलेली तार खरोखर त्याच जागी पोचते की नाही, हे एकेक टोक धरून घंटी वाजवून पाहावयाचे. कंटाळवाणे काम, आणि त्यातच सर्वांत जास्त चुका सापडतात. मग मेगर लावून तारांचे विद्युत्‌रोधन मोजतात. मग सी.टी.ची दिशा. एका बाजूला साध्या सेलचा स्पर्श करावयाचा आणि दुसऱ्या बाजूचा काटा कोणीकडे उडतो ते पाहावयाचे. ही दिशा उलटी राहिली तर मोंढ्यातल्या मोजणाऱ्याने जाणारी पोती येणारी म्हणून लिहिल्यासारखे होते; चोर नसताना बोंब होते. सी.टी.चे टोक मात्र चालू प्रवाहात कधीही मोकळे सोडावयाचे नसते. तेथे हजारो व्होल्ट चढू शकतात.

त्यानंतर खुद्द रिलेची पाळी. टेस्ट किटमधून त्याला खोटा प्रवाह देतात. कितीला चकती हलली, कितीला परत आली, दुप्पटीला किती सेकंद, दहापटीला किती, हे घड्याळ लावून लिहितात. एवढ्यावर थांबणारे पुष्कळ आहेत. परंतु रिलेने हुकूम दिला म्हणजे दार लागलेच असे नाही. मधली तार, ट्रिपची लिंक, ब्रेकरची कॉइल, बॅटरी, यांपैकी एक जरी गेली तरी हुकूम हवेत विरतो. म्हणून रिले हाताने चालवून ब्रेकर प्रत्यक्ष पडतो हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे, आणि शक्य तेथे मुख्य तारेतूनच प्रवाह घालून सारी साखळी एकदम तपासली पाहिजे. शेवटी तपासणीसाठी काढलेली लिंक परत लावली की नाही हे दुसऱ्या माणसाने पाहावयाचे. परीक्षा घेऊन पहारेकऱ्याला खोलीत कोंडून जाण्याचे प्रकार घडलेले आहेत. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ६३ व्या नियमाने उच्च दाबाची यंत्रणा प्रथम चालू करण्यापूर्वी विद्युत् निरीक्षकाची मान्यता आवश्यक केली होती. पुढे २०१० आणि २०२३ सालच्या विनियमांनी त्यांची जागा घेतली. पण मान्यता पहिल्या दिवसाची असते आणि रिले वीस-वीस वर्षे उभा राहतो.

दीर्घकाळ उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचे काय होते, याची दोन उदाहरणे जगाला ठाऊक आहेत. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी कॅनडातील नायगाराकाठच्या सर ॲडम बेक केंद्रात एका रिलेने एक लाइन पाडली. तिच्यात कोणताही बिघाड नव्हता. मर्यादा आधीच्या भाराकडे पाहून ठरविलेली होती. भार वाढत गेला, मर्यादा कोणी बदलली नाही. त्या लाइनचा भार शेजारच्या लाइनांवर पडून त्याही पडल्या आणि न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. दुसरे उदाहरण आपल्या देशातले. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही चारशे किलोव्होल्टची लाइन पडली. तिचा रिले अंतर मोजणारा होता. प्रवाह फार वाढला आणि दाब उतरला, तेव्हा त्याला तो दूरवरचा बिघाड वाटला. त्या दिवशी उत्तर भारत, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य मिळून साठ कोटींवर लोकांचा प्रदेश बंद पडला. पश्चिमेचे जाळे, म्हणजे आपला महाराष्ट्र, त्यातून वाचला. दोन्ही ठिकाणी रिलेने दिलेला हुकूम तंतोतंत पाळला होता. हुकूम जुना झाला होता.

म्हणजे पहारेकऱ्याचे गुन्हे दोन प्रकारचे. हाक द्यावयाची तेव्हा गप्प बसणे हा एक, आणि कारण नसताना हाक देणे हा दुसरा. कारखान्याच्या मालकाला दुसरा फार बोचतो, आणि हे उगाच नव्हे. भट्टीत वितळलेले लोखंड असताना वीज गेली तर तांब्याच्या कॉइलला थंड ठेवणारे पाण्याचे पंपही थांबतात. डिझेल पंपाने किंवा उंच टाकीने लगेच पाणी दिले नाही तर कॉइल जळते, आणि पाणी लोखंडात शिरले तर स्फोट होतो. तेव्हा 'ट्रिप झाले तर झाले, माणूस वाचला' असे भट्टीजवळ सरसकट म्हणता येत नाही, हे आमच्या काही मित्रांनीही ध्यानात घ्यावे. परंतु वारंवार होणाऱ्या ट्रिपवर जो सोपा उपाय केला जातो तो आम्हांस मान्य नाही. खुंटी वर सरकविली जाते. फ्लॅग पडला असेल तर तो वाचण्यापूर्वी उचलला जातो आणि पाळीचा मुकादम म्हणतो, 'टाक पुन्हा.' पहारेकऱ्याने काय पाहिले हे सांगणारी ती लहानशी पट्टी असते. ती न वाचता उचलणे म्हणजे साक्षीदाराची जबानी न लिहिता त्याला घरी पाठविणे होय.

आमच्या माहितीतील एका कारखान्याची हकीकत सांगतो. त्याचे नाव येथे आणण्याचे कारण नाही. तेथे आम्ही रिलेच्या वार्षिक चाचणीचे तीन वर्षांचे अहवाल मागितले. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर ते मिळाले. इंग्रजी टंकलिखित, शिक्का-सहीनिशी. तिन्ही वर्षांचे सेकंद दुसऱ्या दशांशस्थळापर्यंत सारखे होते. तेवढ्यावरून काही म्हणता आले नसते. पण मेगरचे आकडेही सारखे होते, आणि एक अहवाल मे महिन्याचा तर दुसरा ऑगस्टचा. मराठवाड्यातील मेच्या कोरड्या हवेत जो आकडा येतो तोच ओल्या ऑगस्टात येत नाही, हे मेगर हाताळलेला कोणताही वायरमन सांगेल. चाचणी कचेरीतील टेबलावर झाली होती. आम्ही आमच्यासमक्ष चाचणीची मागणी केली. व्यवस्थापनाचे उत्तर असे की चाचणीसाठी भट्टी बंद ठेवावी लागेल, आणि बंद तासाचे टन कोण भरून देणार? दोन महिने यावर खल झाला. अखेर दिवाळीच्या सुट्टीत ती ठरली, आणि आमचे दोघे सभासद वही घेऊन तेथे उभे राहिले.

तीन रिलेंपैकी दोघांनी बरोबर काम केले. तिसऱ्याला दुप्पट प्रवाह दिला तरी चकती हलली नाही. दहापट दिला तेव्हा ती थोडी सरकली आणि अडकली. झाकण उघडल्यावर कारण दिसले. चकतीचा वेग आवरण्यासाठी रिलेत एक कायमचा लोहचुंबक असतो, आणि त्याच्या फटीतून चकती फिरते. भट्टीच्या कारखान्यात हवेत लोखंडाची बारीक धूळ असते. झाकणाची रबरी पट्टी सुकून फाटली होती. धूळ आत गेली आणि चुंबकाने ती फटीत धरून ठेवली. तपासणाऱ्याने चिकटपट्टीने ती काढली. वीस मिनिटांचे काम. मग चकती ठरल्या वेळात फिरली. ती किती काळापासून अडकलेली होती हे त्या तीन अहवालांवरून कधीच कळणार नाही. तोवर तेथील कामगारांचे रक्षण वरच्या टप्प्यावरचा, मंद ठेवलेला रिले करीत होता.

या घटनेनंतर आमच्या संघटनेने मागण्यांच्या पत्रकात पगार व बोनसाच्या खाली एक कलम घातले, आणि आमच्याच काही सभासदांनी त्याची थट्टा केली. रिलेची चाचणी कामगार प्रतिनिधीसमक्ष व्हावी, तिचे आकडे मराठीत व हिंदीत पॅनेलच्या दाराच्या आत लावावेत, कोणता फ्लॅग कशाचा हे तेथेच लिहावे, आणि फ्लॅग वहीत नोंदविल्याशिवाय ब्रेकर पुन्हा टाकू नये. यात एका पैशाचीही वाढ नव्हती, तरी पगारवाढीपेक्षा यावर अधिक वाद झाला. भोपाळच्या १९८४ च्या संहारानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा धोक्याच्या प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगारांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती, आणि धोका दिसताच तो कळविण्याचा कामगाराचा हक्क, या दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या होत्या. धोका दिसावा यासाठी आधी आकडे दिसले पाहिजेत, एवढेच आमचे म्हणणे होते.

आता चकतीचे रिले जात आहेत. त्यांच्या जागी आकडे मोजणारे, संगणकासारखे रिले बसतात. त्यांत धुळीने अडकणारे काही नाही, आणि ते स्वतःची प्रकृती स्वतः तपासतात. यामुळे तपासणीची गरज संपली असे विक्रेते सुचवितात. ते खरे नाही. रिलेला स्वतःच्या पोटातले कळते, बाहेरची सी.टी. उलटी आहे, ब्रेकरचे यंत्र गंजले आहे, बॅटरीतले पाणी आटले आहे, हे सारे त्याला आपोआप उमगत नाही. चकतीच्या रिलेत एक खुंटी आणि एक प्लग होता. यात शेकडो नोंदी भराव्या लागतात, आणि एक चुकीची भरली तर ती बाहेरून दिसत नाही. घंटी, मेगर, सेल आणि काटा यांचे काम जसेच्या तसे उरले आहे.

परंतु या नव्या पहारेकऱ्याजवळ एक गोष्ट अशी आहे जी सी.डी.जी.जवळ नव्हती. तो रोजनिशी लिहितो. कोणत्या क्षणी प्रवाह किती झाला, त्याने हुकूम केव्हा दिला, ब्रेकर केव्हा उघडला, हे तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवून ठेवतो. आमच्या हयातीत अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष बहुतेक वेळा एकच वाचावयास मिळाला, 'कामगाराचा निष्काळजीपणा.' भाजलेला माणूस इस्पितळात असतो, उत्तर देऊ शकत नाही. रिलेने उशीर केला की माणसाने, हे सांगणारी साक्ष आता पॅनेलमध्येच असते. तिच्यावर कुलूप आहे, आणि कुलपाचा सांकेतिक शब्द व्यवस्थापनाकडे किंवा रिले बसविणाऱ्या ठेकेदाराकडे असतो. शिवाय त्या रोजनिशीची पाने मोजकी असतात. नवी ट्रिप झाली की जुनी नोंद पुसली जाते, आणि अपघातानंतर पाच-सहा वेळा ब्रेकर टाकून पाहिला की काही रिलेंत मूळ नोंद नाहीशी होऊ शकते. २००३ च्या वीज कायद्याच्या १६१ व्या कलमाने अपघाताची सूचना व चौकशी यांची तरतूद केली आहे. निरीक्षक येईपर्यंत पॅनेलला हात लावू नये, आणि ती नोंद त्याच दिवशी दोन प्रतींत उतरवून एक कामगार प्रतिनिधीकडे द्यावी, असे आम्ही पुढच्या पत्रकात लिहिले आहे. बोलणी चालू आहेत.